दोन भोंगे आणि काही तारखा : टॉर्नेडोनंतरचं जॉप्लिन

मराठीत टॉर्नेडोला धड शब्द नाही. वावटळ म्हणावं, तर उन्हाळ्यात मोकळ्या रानात गरगरणारा पाचोळा डोळ्यासमोर येतो. चक्रीवादळ म्हणावं, तर 'निसर्ग' आणि 'तौक्ते' आठवतात. ती वादळं चार दिवस आधी नाव घेऊन येतात, नकाशावर त्यांचा मार्ग दिसतो, पत्रे बांधून घ्यायला आणि होड्या ओढून वर घ्यायला वेळ मिळतो. टॉर्नेडो मिनिटांच्या हिशेबात येतो. गल्लीच्या या बाजूचं घर जमीनदोस्त करतो आणि त्या बाजूच्या घराच्या अंगणातली खुर्चीही जागची हलत नाही. म्हणून या लेखात मी टॉर्नेडो हाच शब्द ठेवतो आहे.

प्रकरण अमेरिकेतल्या जॉप्लिनचं आहे. मिसूरी राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यातलं, कॅन्सस आणि ओक्लाहोमाच्या सीमांना लागून असलेलं हे शहर. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या ५०,१५०, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. एके काळी शिशाच्या आणि जस्ताच्या खाणींवर उभं राहिलेलं. खाणी केव्हाच बंद पडल्या, पण त्यांनी मागे ठेवलेली माती या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे.

२०११ चा वसंत अमेरिकेला फार वाईट गेला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिणेकडच्या राज्यांत एकामागोमाग टॉर्नेडो उठले आणि तीनशेहून जास्त माणसं गेली. त्यात सर्वाधिक गाजलेलं नाव अलाबामातल्या टस्कालूसाचं. महिना उलटायच्या आत, २१ ते २६ मे दरम्यान, दुसरी लाट आली. जॉप्लिन या दुसऱ्या लाटेतलं.

पहिला भोंगा, दुसरा भोंगा

२२ मे, रविवार. दुपारी दीड वाजताच टॉर्नेडोला अनुकूल हवामान असल्याची सर्वसाधारण सूचना निघाली होती. अशी सूचना त्या भागात दर वसंतात कितीतरी वेळा निघते, त्यामुळे कुणी कामं सोडून बसत नाही. त्या दिवशी तर गावातल्या हायस्कूलचा पदवीदान समारंभ होता. तो शाळेत नव्हता, मिसूरी सदर्न स्टेट युनिव्हर्सिटीच्या सभागृहात होता. गावातली शेकडो कुटुंबं तिथे जमली होती.

५ वाजून ९ मिनिटांनी हवामान खात्याने एक इशारा दिला. त्यात शहराचा ईशान्येकडचा भाग येत होता. ५ वाजून ११ मिनिटांनी गावातले भोंगे वाजले, तीन मिनिटं. हे भोंगे हवामान खातं वाजवत नाही, स्थानिक आपत्ती व्यवस्थापन अधिकारी वाजवतो. लोक बाहेर आले, आभाळाकडे पाहिलं, टीव्ही लावला, कुणी नातेवाइकांना फोन केला. विशेष काही दिसलं नाही. दरम्यान नैऋत्येला दुसरं वादळ बांधत होतं, आणि ५ वाजून १७ मिनिटांनी त्यासाठी वेगळा इशारा निघाला. बऱ्याच लोकांच्या डोक्यात या दोन इशाऱ्यांचा एकच इशारा झाला. तो तर येऊन गेला, असं त्यांना वाटलं.

५ वाजून ३४ मिनिटांनी शहराच्या पश्चिम हद्दीजवळ टॉर्नेडो जमिनीला टेकला. दुसरा भोंगा वाजला ५ वाजून ३८ मिनिटांनी. तेव्हा तो जवळजवळ दारात होता. शिवाय पावसाच्या जाड पडद्याने तो पूर्ण झाकलेला होता. चित्रात दिसते तशी सोंड कुणाला दिसलीच नाही. अनेकांना फक्त काळी भिंत दिसली.

इशारा आणि आघात यांच्यात १७ मिनिटं होती. टॉर्नेडोच्या मानाने हा चांगला अवधी आहे. मग १६१ माणसं का गेली? (हा शहराचा आकडा आहे. हवामान खातं थेट वादळाने झालेले मृत्यू १५८ धरतं.) हवामान खात्याने नंतर स्वतःच्याच कामाची जी तपासणी केली, तिचं मुख्य निरीक्षण लोकांच्या वागण्याबद्दल होतं. भोंगा ऐकून लगेच आडोशाला गेलेले थोडे. बहुतेकांनी आधी खातरजमा केली आणि दुसरं, तिसरं काहीतरी ठोस दिसल्यावरच ते हलले. त्यांना बेपर्वा म्हणणं सोपं आहे. पण त्या काळात देशभरातल्या दर चार टॉर्नेडो-इशाऱ्यांपैकी सुमारे तीन फोल ठरत होते. तीनदा फसवलेल्या माणसाने चौथ्यांदा खिडकीतून डोकावून पाहिलं, तर त्यात मला तरी मूर्खपणा दिसत नाही. 'लांडगा आला रे' या गोष्टीत दोष मेंढरांचा नसतो.

या तपासणीतून एक चांगली गोष्ट निघाली. एप्रिल २०१२ पासून कॅन्सस आणि मिसूरीतल्या पाच हवामान कार्यालयांनी इशाऱ्यांची भाषा बदलण्याचा प्रयोग सुरू केला. 'टॉर्नेडो येत आहे' एवढ्यावर न थांबता तो कितपत विध्वंस करेल, घरं राहतील की नाही, हे सरळ शब्दांत सांगायला सुरुवात झाली. पुढे ही पद्धत देशभर पसरली.

अडतीस मिनिटांचा मार्ग

वाऱ्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या वर, मोजपट्टीवरची सर्वांत वरची श्रेणी, ईएफ-५. रुंदी काही ठिकाणी दीड किलोमीटरच्या आसपास. जमिनीवरचा एकूण मार्ग सुमारे ३५ किलोमीटर आणि त्यातला सर्वांत भयंकर तुकडा शहराच्या दाट वस्तीतून, पश्चिमेकडून पूर्वेकडे. सुमारे साडेसात हजार घरांना आणि साडेपाचशे व्यावसायिक इमारतींना फटका बसला. हजाराहून अधिक जखमी. १९४७ नंतर अमेरिकेत एका टॉर्नेडोने इतके बळी घेतले नव्हते. नुकसान २८० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

वाटेत सेंट जॉन्स हे नऊ मजली रुग्णालय होतं. काचा फुटल्या, छपरावरची यंत्रं उडाली, वीज गेली, आणीबाणीचे जनरेटरही बंद पडले. व्हेंटिलेटरवरच्या काही रुग्णांना त्यामुळेच वाचवता आलं नाही. उरलेल्या १८३ रुग्णांना कर्मचाऱ्यांनी अंधारात, पाण्याने निसरड्या झालेल्या जिन्यांवरून, गाद्यांवर आणि दाराच्या फळ्यांवर घालून दीड तासाच्या आत खाली आणलं. काहींना मिळेल त्या पिकअप ट्रकमधून दुसऱ्या रुग्णालयात पोचवलं. या रुग्णालयातले एक्स-रे आणि कागद शंभरेक किलोमीटर अंतरावरच्या गावांत लोकांना अंगणात सापडले. गावातलं दुसरं मोठं रुग्णालय, फ्रीमन, थोडक्या अंतरामुळे वाचलं होतं. त्या रात्री सगळा भार त्याच्यावर आला.

गावात तळघरं फारशी नव्हती. नंतरच्या सरकारी चौकशीनुसार ८२ टक्के घरांना तळघर नव्हतं. जमीन खडकाळ, त्यामुळे खोदाई महाग. ज्यांना जागा सापडली नाही त्यांनी बाथटबमध्ये गादी ओढून घेतली. एका पेट्रोल पंपाच्या दुकानात वीसेक अनोळखी माणसं बिअर ठेवायच्या थंड खोलीत एकमेकांवर रचल्यासारखी बसली आणि सगळी वाचली. एका पिझ्झाच्या दुकानात गिऱ्हाइकांना शीतगृहात कोंबून व्यवस्थापकाने दार आतून धरता येईना म्हणून दाराची दोरी स्वतःच्या हाताला गुंडाळली. आतले बरेच जण वाचले, तो गेला.

रेंज लाइन रोडवरच्या एका मोठ्या दुकानाच्या उंच काँक्रीटच्या भिंती छप्पर उचललं गेल्याबरोबर पत्त्यांसारख्या कोसळल्या. या प्रकारच्या बांधकामात भिंतींना छपराचाच आधार असतो.

हरवलेल्यांची यादी

दुसऱ्या दिवशी पुन्हा वादळी पाऊस. शोधकार्य थांबवत, सुरू करत चाललं. मदतीला बाहेरगावाहून आलेल्या एका पोलिसावर काम करतानाच वीज पडली, आणि नंतर तोही गेला.

२६ मे रोजी राज्य सरकारने २३२ बेपत्ता व्यक्तींची यादी जाहीर केली. हा आकडा पाहून बाहेरच्या जगाला धक्का बसला. पण गावातल्या कुटुंबांचा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता. आपलं माणूस शवागारात आहे अशी जवळजवळ खात्री असूनही त्यांना आत सोडत नव्हते. कारण सुरुवातीला केवळ पाहून पटवलेल्या ओळखीत चूक निघाली होती. मग अधिकाऱ्यांनी नियम केला की बोटांचे ठसे, दातांच्या नोंदी, डीएनए यांनी ओळख पटल्याशिवाय कुणालाही देह द्यायचा नाही. शास्त्र म्हणून हे बरोबर होतं. पण चार दिवस बाहेर उभ्या असलेल्या बापाला हे कोण आणि कोणत्या शब्दांत सांगणार, याची कुणी तयारी केली नव्हती. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यांत मला ही जागा जवळजवळ नेहमी कोरी दिसते. जूनच्या पहिल्या दिवसांत यादीतल्या प्रत्येकाचा छडा लागला. बरेच जण जिवंत होते आणि आपलं नाव यादीत आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

१७ ऑगस्ट

आता या प्रकरणाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. जॉप्लिन सावरलं ते कुणी मोठा आराखडा मांडला म्हणून नाही. काही माणसांनी छोट्या, पक्क्या, सगळ्यांना समजतील अशा तारखा जाहीर केल्या आणि त्या पाळल्या. आराखडा समितीच्या फायलीत राहतो. तारीख गावातल्या प्रत्येकाच्या दिनदर्शिकेवर असते, त्यामुळे ती चुकली तर चुकली हे सगळ्यांना कळतं.

पहिली तारीख शाळांची. शहरातल्या निम्म्या शालेय इमारती मोडल्या होत्या. हायस्कूल पूर्ण उद्ध्वस्त. सात विद्यार्थी आणि एक कर्मचारी गेले होते. समारंभ शाळेच्या इमारतीत नव्हता आणि दिवस रविवारचा होता, म्हणून आकडा तेवढ्यावर थांबला. शाळांचे अधीक्षक सी. जे. हफ यांनी काही दिवसांतच जाहीर केलं की नवं वर्ष ठरलेल्या दिवशीच, १७ ऑगस्टला सुरू होईल. हातात होते ८७ दिवस आणि इमारती नव्हत्या.

कारण साधं होतं. मुलांची शाळा कुठे आणि कधी, हे कळलं नाही तर पालक दुसऱ्या गावात भाड्याने घर बघतात, मुलाचं नाव तिथे घालतात, आणि एकदा नाव घातलं की ते कुटुंब परत येत नाही. घर उभं राहायला वर्ष लागेल, ते थांबता येतं. शाळेला थांबता येत नाही.

वरच्या वर्गांसाठी मॉलमधलं एक बंद पडलेलं दुकान घेतलं. तिथे पार्टिशन टाकून वर्ग केले. ग्रंथालय आणि पाठ्यपुस्तकं नष्ट झालीच होती, तर मुलांना लॅपटॉप द्यायचे ठरले. त्यासाठी संयुक्त अरब अमिरातींनी दहा लाख डॉलरपर्यंतची मदत केली. अमेरिकेच्या मध्यभागातल्या छोट्या गावाला आखातातून लॅपटॉप, हे तेव्हा अनेकांना अजब वाटलं होतं. १७ ऑगस्टला मॉलमध्ये घंटा वाजली.

जुन्या हायस्कूलच्या पाटीची एक गोष्ट तिथे सगळे सांगतात. इंग्रजीत लिहिलेल्या 'जॉप्लिन'मधली 'ओ' आणि 'पी' एवढीच दोन अक्षरं वाऱ्याने शिल्लक ठेवली होती. कुणीतरी आधी 'एच' आणि नंतर 'ई' चिकटपट्टीने जोडला. 'होप', म्हणजे आशा. असली गोष्ट कुणी रचून सांगितली असती, तर मी विश्वास ठेवला नसता.

दुसरा निर्णय रुग्णालयाचा. सेंट जॉन्स चालवणाऱ्या मर्सी या संस्थेने सांगितलं की आम्ही इथेच पुन्हा उभारू, आणि तोपर्यंत सुमारे २,२०० कर्मचाऱ्यांचा पगार थांबणार नाही. आठवड्याभरात तंबूत रुग्णालय सुरू झालं, नंतर तयार खोल्या जोडून तात्पुरती इमारत आली, आणि मार्च २०१५ मध्ये नवं रुग्णालय. त्यात अतिदक्षता विभागाच्या काचा जास्त वाऱ्याला टिकणाऱ्या आहेत आणि वीज-पाण्याची यंत्रणा मुख्य इमारतीपासून दूर, जमिनीत पुरलेली आहे. पण माझ्या मते इमारतीहून महत्त्वाचा तो पगार. परिचारिका आणि तंत्रज्ञ सगळ्यात सहज दुसरीकडे नोकरी मिळवतात. ते गेले असते, तर नवं रुग्णालय कुणाच्या भरवशावर चालणार होतं?

तिसरी तारीख ढिगाऱ्याची, ७ ऑगस्ट. अशा आपत्तीत ढिगारा हटवण्याच्या खर्चाचा ७५ टक्के वाटा सामान्यतः केंद्र सरकार उचलतं. इथे सर्वाधिक उद्ध्वस्त भागासाठी तो ९० टक्के केला गेला, मात्र ठरलेल्या मुदतीत काम झालं तरच. प्रत्येक मालकाने आपल्या जागेत शिरायची लेखी परवानगी द्यायची होती. लोकांनी ती दिली. सैन्याच्या अभियंता दलाच्या देखरेखीखाली ट्रकांच्या रांगा लागल्या आणि ऑगस्टपर्यंत ते मैलोन्मैल सपाट झाले. पूर्वीची गल्ली कुठली होती हे स्वतःच्या घराच्या पायऱ्यांवरून ओळखायची वेळ आली, कारण घरं गेली तरी काँक्रीटच्या पायऱ्या उरल्या होत्या.

श्रमदानाची वही

स्वयंसेवकांचा ओघ प्रचंड होता. लाखाहून अधिक लोक येऊन गेले. अशा वेळी मदत करणाऱ्यांचीच अडचण होते, हे आपण किल्लारीपासून पाहत आलो आहोत. जुन्या कपड्यांचे ढीग, वाहतुकीची कोंडी, कुणाला कुठे पाठवायचं याचा गोंधळ. जॉप्लिनमध्ये पहिल्या रात्रीपासून अमेरीकॉर्प्स या सरकारी स्वयंसेवा दलाच्या तरुण तुकडीने विद्यापीठात नोंदणीचं टेबल लावलं. आलेला प्रत्येक माणूस आधी तिथे नाव लिहिणार, पट्टा घेणार, कामावर जाणार, परत येऊन तास लिहिणार.

हे कारकुनी काम पुढे फार उपयोगी पडलं. केंद्राच्या मदतीसाठी स्थानिक संस्थेला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो, आणि नियमांनुसार नोंद असलेल्या स्वयंसेवकांच्या कामाचे तास पैशांत मोजून त्या हिश्शात धरता येतात. जॉप्लिनकडे अशी नोंद होती. म्हणजे कुणीतरी चर्चच्या बसमधून येऊन दिवसभर विटा उचलल्या, त्याचा हिशेब नगरपालिकेच्या खात्यात जमा झाला. आपल्याकडे श्रमदान भरपूर होतं, वही क्वचितच असते.

जखमेतली बुरशी

जूनच्या सुरुवातीला तिथल्या डॉक्टरांना काही जखमा विचित्र दिसू लागल्या. साफ करून शिवलेल्या जखमांच्या कडा काळ्या पडत, आणि मांस झपाट्याने सडत जाई. हा म्युकरमायकोसिस होता. एकूण १३ रुग्ण सापडले आणि त्यातले ५ दगावले.

२०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी पोचला होता, त्यामुळे आपल्या वाचकांना हा आजार ओळखीचा आहे. पण फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडे ती बहुधा नाकातून आणि सायनसमधून शिरली, मधुमेह आणि स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांत. जॉप्लिनमधल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती आधीच ढासळलेली नव्हती. टॉर्नेडोने लाकडाच्या ढलप्या, माती, दगडांचे कण गोळ्यांच्या वेगाने त्यांच्या शरीरात खोलवर घुसवले होते, आणि बुरशी त्या मातीसोबतच आत गेली. ॲपोफायसोमायसिस या तिच्या कुळाचं पहिलं वर्णन १९७९ मध्ये भारतातल्याच एका आंब्याच्या बागेतल्या मातीवरून झालं होतं, हेही नोंदवण्यासारखं. आपल्या मातीतली ओळखीची बुरशी तिकडे जखमेत सापडली.

डॉक्टरांसाठी यातला धडा असा की टॉर्नेडोच्या जखमा पुन्हा पुन्हा उघडून पाहाव्या लागतात. वरून स्वच्छ दिसली म्हणून घाईने शिवली तर आत काय राहिलं ते कळत नाही.

मातीचा दुसरा प्रश्न शिशाचा. झाडं मुळासकट उपटली गेली, पायाभरणीसाठी खोदकाम सुरू झालं, तशी जुन्या खाणींची माती वर आली. अनेक अंगणांत शिशाचं प्रमाण जास्त निघालं. मग घर बांधण्याआधी मातीची तपासणी आणि गरज असेल तिथे वरचा थर काढून टाकणं शहराने सक्तीचं केलं.

मोठं स्वप्न

टस्कालूसाने पुनर्बांधणी काही काळ रोखून आधी नव्याने आखणी करायची ठरवली. जॉप्लिनने बंदी थोडक्यात आटोपली आणि भाग साफ होईल तसे परवाने द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत तेव्हा यावरून मोठा वाद झाला. एका गटाच्या मते जॉप्लिन हे मोकळ्या बाजाराचं यश होतं. मला हे अर्धसत्य वाटतं. जॉप्लिनमध्ये विम्याचा पैसा प्रचंड आला, मिसूरीच्या इतिहासात विमाकंपन्यांना एका प्रसंगासाठी इतकी भरपाई कधी द्यावी लागली नव्हती. ज्याच्याकडे विमा होता तो लगेच बांधू शकला. भाडेकरूंचं तसं नव्हतं. नष्ट झालेल्या भागात भाड्याची, स्वस्त घरं खूप होती, ती सुरुवातीला परत आली नाहीत. साडेपाचशेहून अधिक कुटुंबं सरकारने दिलेल्या तात्पुरत्या फिरत्या घरांत राहिली, त्यातली शेवटची दोन वर्षांनी बाहेर पडली.

नागरिकांचं मत घ्यायला एक सल्लागार समिती नेमली होती. बैठकांत लोकांनी चिठ्ठ्यांवर इच्छा लिहून भिंतीवर चिकटवल्या. त्यातून आलेल्या कल्पना चांगल्या होत्या. पण त्या प्रत्यक्षात आणायला २०१२ मध्ये शहराने टेक्सासमधल्या एका विकासक कंपनीला 'मुख्य विकासक' नेमलं. नाट्यगृह, घरं, दुकानं, कार्यालयं, कोट्यवधी डॉलरचे प्रकल्प कागदावर आले. वर्षं गेली, जमिनी घेतल्या गेल्या, बांधकाम जवळजवळ काहीच नाही. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला आणि शहर कोर्टात गेलं. त्या यादीतलं सार्वजनिक ग्रंथालय पुढे २०१७ मध्ये उघडलं, तेही केंद्राच्या अनुदानातून.

एकच गाव. शाळेची तारीख पाळणारेही तेच आणि या मोठ्या स्वप्नाला भुललेलेही तेच. थकलेल्या माणसांना कुणी एका फटक्यात सगळं करून देतो म्हणालं की ती सही करतात.

फुलपाखरी माणसं

वादळानंतर काही लहान मुलांनी सांगितलं की ढिगाऱ्यात असताना त्यांना पंख असलेली, फुलपाखरासारखी माणसं दिसली आणि त्यांनी त्यांना झाकून धरलं. एकाने नाही, अनेकांनी. मोठ्यांनी त्यावर वाद घातला नाही. भर गावातल्या एका भिंतीवर त्यांनी मुलांबरोबर फुलपाखरांचं मोठं चित्र रंगवलं.

मोठ्यांच्या मनाची गोष्ट वेगळी. संशोधकांनी शहरातल्या प्रौढांची दोन वेळा पाहणी केली. सहा महिन्यांनी सुमारे १३ टक्के लोकांत आघातोत्तर ताणाच्या विकाराची लक्षणं होती. अडीच वर्षांनी तोच आकडा २७ टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे शाळा उघडल्यावर, ढिगारा हटल्यावर, नवी छपरं चढल्यावर तो दुप्पट झाला. पहिल्या सहा महिन्यांत माणूस फॉर्म भरत असतो, रांगेत उभा असतो, कंत्राटदाराच्या मागे लागलेला असतो. रडायला वेळ नसतो. घर झाल्यावर तो पहिल्यांदा त्यात एकटा बसतो. समुपदेशनासाठीचा बहुतेक पैसा मात्र अशा वेळेपर्यंत संपलेला असतो, कारण तो 'आपत्तीनंतरच्या' खात्यात धरलेला असतो आणि तोवर कागदोपत्री आपत्ती मिटलेली असते. या एका गोष्टीसाठी कुणी तारीख जाहीर केली नव्हती.

भिंतींचा हिशेब

२०१४ साली निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने आपला अहवाल दिला. बहुतेक मृत्यू इमारतींशी निगडित होते, असं त्यात म्हटलं होतं. सेंट जॉन्ससारख्या इमारतींचा सांगाडा टिकला होता, पण काचा, छपरं, आतली यंत्रणा निकामी झाल्यावर उभ्या सांगाड्याचा काही उपयोग नव्हता. आजवर टॉर्नेडोसाठी इमारती बांधताच येत नाहीत, असं समजून नियमांत तो धरलाच नव्हता. हा समज सोडा, अशी मुख्य शिफारस होती.

जॉप्लिनने स्वतः नियम थोडे कडक केले. छप्पर भिंतीला आणि भिंत पायाला धातूच्या पट्ट्यांनी, बोल्टनी घट्ट बांधायची सक्ती झाली. नव्या शाळांत वादळात आसरा घ्यायला मजबूत खोल्या बांधल्या, त्या शेजारच्या वस्तीलाही खुल्या असतात. नवं हायस्कूल २०१४ च्या शरद ऋतूत सुरू झालं. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५१,७६२ भरली, म्हणजे वादळाआधीपेक्षा थोडी जास्त. कनिंगहॅम पार्कमध्ये गेलेल्यांच्या स्मरणार्थ १६१ झाडं लावली आहेत, आणि दर २२ मे रोजी ५ वाजून ४१ मिनिटांनी तिथे लोक स्तब्ध उभे राहतात.

निस्टच्या शिफारशीतून पुढे अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेच्या बांधकाम-मानकात टॉर्नेडोच्या वाऱ्याचा स्वतंत्र विचार आला. त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत पहिल्यांदाच, म्हणजे जॉप्लिननंतर दशकभराने. ही तरतूद रुग्णालयं, शाळा, अग्निशमन केंद्रं अशा महत्त्वाच्या इमारतींसाठी आहे. राहत्या घरांना ती लागू नाही. जॉप्लिनमध्येही घरात तळघर किंवा आसऱ्याची खोली असलीच पाहिजे, असा नियम नंतर केला गेला नाही. ज्याला परवडेल त्याने ती बांधली.